सुरुवातीच्या ॲक्टिनाइड मूलद्रव्यांतील रासायनिक बंध: सेमिनारसाठी कोणती उदाहरणे निवडावीत?

मृद्गंध_२
नमस्कार. मी असेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत असून थोरियम ते प्लुटोनियम या मूलद्रव्यांतील रासायनिक बंधांवर मला चाळीस मिनिटांचा सेमिनार द्यायचा आहे. आमच्या अभ्यासक्रमात लॅन्थॅनाइडना (अणुक्रमांक ५७ ते ७१) पुरेशी जागा मिळते, पण ॲक्टिनाइडची (अणुक्रमांक ८९ ते १०३) बोळवण मात्र 'तसेच, फक्त ऑक्सिडीकरण अवस्था अधिक' एवढ्यावरच होते. कोणती संयुगे निवडावीत, एखादे गणन करून दाखवायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी, आणि 'हे बंध आयनिक की सहसंयुज' या हमखास येणाऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

कक्षकप्रेमी
उदाहरणांची यादी वाढवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. युरेनिल आयन (UO₂²⁺, म्हणजे दोन ऑक्सिजन जोडलेला युरेनियम) आणि थोरियम डायऑक्साइडचा सुटा रेणू ही एकच जोडी नीट समजावली, तर निम्म्याहून अधिक विषय त्यातच येतो. दोहोंत इलेक्ट्रॉनांची संख्या सारखी आहे आणि दोहोंत जड अणूला दोन ऑक्सिजन जोडलेले आहेत. तरीही युरेनिल १८० अंशांत सरळ असतो आणि थोरियमचा रेणू मात्र सुमारे १२२ अंशांत वाकलेला आढळतो.

फळ्यावर हे असे मांडा. दोन ऑक्सिजनांच्या २पी कक्षकांतून (कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याचा प्रदेश) सहा संयोग तयार होतात. केंद्रबिंदूतून उलटवल्यावर त्यांतील तिघांचे चिन्ह तेच राहते आणि तिघांचे बदलते. पहिल्या तिघांशी सममितीने जड अणूचे प्रामुख्याने ६डी कक्षक जुळतात, तर दुसऱ्या तिघांशी प्रामुख्याने ५एफ कक्षक जुळतात. युरेनियममध्ये ५एफ कक्षक ऊर्जेने पुरेसे खाली आलेले असल्यामुळे सरळ रेषेतच सहाही संयोगांना जोडीदार मिळतो, बारा इलेक्ट्रॉन बंधकारक कक्षकांत बसतात आणि प्रत्येक युरेनियम–ऑक्सिजन बंध औपचारिकदृष्ट्या तिहेरी ठरतो. थोरियममध्ये ५एफ अजून वरच असतात, बंधनाचा भार ६डीवर पडतो, आणि डी कक्षकांचा पुरेपूर उपयोग व्हायचा तर रेणूने वाकणेच सोयीचे ठरते. मॉलिब्डेनम आणि टंगस्टन यांचे डायऑक्सो आयनही याच कारणाने वाकलेले असतात. सीबॉर्ग यांनी १९४४ मध्ये ॲक्टिनाइड श्रेणीची कल्पना मांडण्यापूर्वी थोरियम हाफ्नियमखाली आणि युरेनियम टंगस्टनखाली लिहीत असत. थोरियमपुरते बोलायचे तर ते अगदीच गैर नव्हते.

युरेनियमचा भरलेला ६पी कक्षकही विसरू नका. तो ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांना खालून वर ढकलतो आणि त्यामुळे सिग्मा बंधातील (दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेवरील बंधातील) ५एफचा वाटा वाढतो. परीक्षक तयारीचे असतील, तर ते नेमके येथेच बोट ठेवतील.

संगणकवाला_पुणेकर
गणनाबद्दल थोडक्यात सांगतो. युरेनिलमध्ये ५एफ इलेक्ट्रॉन शिल्लक नसल्यामुळे डीएफटीने (घनता-फलन सिद्धांतावरील गणनपद्धतीने) सुरुवात करण्यास तो सर्वांत सोयीचा आहे. मात्र ६० इलेक्ट्रॉन गाभ्यात घेणारे, म्हणजे युरेनियमचे ३२ इलेक्ट्रॉन बाहेर ठेवणारे सापेक्षतावादी गाभा-विभव (आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी वापरायचे सरासरी विभव) वापरा. ७८ इलेक्ट्रॉन गाभ्यात कोंबणारे विभव स्वस्त पडते, पण उत्तरे बिघडवते. नुसता आयन न घेता त्याच्या विषुववृत्तीय प्रतलात (ऑक्सिजन–युरेनियम–ऑक्सिजन अक्षाला लंब प्रतलात) पाच पाण्याचे रेणू ठेवा. प्रयोगांत युरेनिल बंध सुमारे १.७७ अँगस्ट्रॉम, तर पाण्याचा ऑक्सिजन सुमारे २.४ अँगस्ट्रॉमवर सापडतो. हा फरक आकृतीतच दिसू द्या; त्यासाठी वेगळी स्लाइड करण्याची गरज नाही.

हिरवा_स्फटिक
वरील सल्ला उत्तम आहे, तरीही युरेनोसीन पूर्णपणे वगळणे मला पटत नाही. १९६८ मध्ये स्ट्राइटविझर आणि म्युलर-वेस्टरहॉफ यांनी तयार केलेल्या या हिरव्या संयुगात आठ कार्बनांच्या दोन समांतर कड्यांमध्ये युरेनियम बसलेला असतो आणि त्यातील डेल्टा प्रकारची आंतरक्रिया दाखवल्याशिवाय ५एफची ओळख अपुरी राहते. त्यातही ६डीचा वाटा ५एफपेक्षा मोठा आहे, हे आवर्जून सांगा, कारण अनेक जण उलट गृहीत धरतात.

मृद्गंध_२
आपणा सर्वांची मी आभारी आहे. एक शंका उरते. युरेनिलपासून नेप्च्युनिल, प्लुटोनिल आणि अमेरिसिलपर्यंत (नेप्च्युनियम, प्लुटोनियम आणि अमेरिसियमच्या तशाच आयनांपर्यंत) जाताना ऑक्सिजनशी असलेल्या बंधाची लांबी किंचित कमी होत जाते. मग बंध अधिक सहसंयुज आणि अधिक बळकट होत जातो, असे म्हणता येईल का?

कक्षकप्रेमी
तसे म्हणता येणार नाही, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच दडलेले आहे. लांबी कमी होण्यामागे ॲक्टिनाइड आकुंचन, म्हणजे अणुक्रमांकासोबत आयन लहान होत जाणे, असते. बंधाचे बळ मात्र युरेनियमकडून अमेरिसियमकडे घटत जाते. अणुक्रमांक वाढतो तसे ५एफ कक्षक ऊर्जेने खाली उतरतात आणि आकारानेही आवळत जातात. खाली उतरल्यामुळे ते संलग्नीच्या (धातूला जोडलेल्या अणूच्या, येथे ऑक्सिजनच्या) कक्षकांच्या पातळीजवळ येतात आणि आकडेमोडीत दोहोंचे मिश्रण वाढलेले दिसते. परंतु आवळल्यामुळे प्रत्यक्ष ओव्हरलॅप (कक्षकांचे एकमेकांवर येणे) कमी होतो आणि त्या वाढीव मिश्रणातून बंधाला फारसे बळ मिळत नाही. म्हणून 'आयनिक की सहसंयुज' असे विचारले गेल्यास, सहसंयुजता ओव्हरलॅपमुळे आहे की केवळ ऊर्जा जुळल्यामुळे, हे आधी स्पष्ट करून मगच उत्तर द्यावे.

हाच प्रवाह धातूंतही दिसतो. थोरियमपासून पुढे अणूचे आकारमान आधी घटत जाते, कारण ५एफ इलेक्ट्रॉन धातूच्या बंधनात भाग घेतात; अमेरिसियमला ते एकदम वाढते, कारण तेथे ते अणूपुरते स्थानबद्ध होतात. प्लुटोनियम नेमका या सीमेवर असल्यामुळे सामान्य दाबाखालीच त्याची सहा स्फटिकरूपे आढळतात. अल्फा रूपाची घनता सुमारे १९.८, तर डेल्टा रूपाची सुमारे १५.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. वेळ उरला तरच हा भाग घ्या.

तुर्भेकर
उपयोजनाची एक स्लाइड हवी असल्यास प्युरेक्स, म्हणजे वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढण्याची, प्रक्रिया घ्यावी. ट्रॉम्बे येथील प्लुटोनियम प्रकल्पात ती १९६४ पासून वापरात आली. युरेनिलचे दोन अक्षीय ऑक्सिजन सहसा अभिक्रियेत उतरत नाहीत, त्यामुळे दोन नायट्रेट आणि ट्रायब्युटाइल फॉस्फेटचे दोन रेणू विषुववृत्तीय प्रतलातच जागा शोधतात. प्रत्येक नायट्रेट दोन ऑक्सिजनांनी पकडत असल्याने तेथे सहा दाते (इलेक्ट्रॉन देणारे अणू) होतात आणि हे संकुल सेंद्रिय थरात जाते. +४ अवस्थेतील प्लुटोनियमही त्या थरात जाते, पण +३ अवस्थेत आणल्यावर ते पाण्यात परतते. रामन वर्णपट (बंधांची कंपने दाखवणारा) दाखवणार असाल तर जलीय युरेनिलची ८७० प्रति सेंटिमीटरची रेषा घ्या. विषुववृत्तावर पाण्याऐवजी हायड्रॉक्साइड आल्यावर ती ८००च्या खाली सरकते. या दोन रेषा एकाखाली एक छापाव्यात.