'होम मिनिस्टर' आता पुरे

नवरे बायकोला 'होम मिनिस्टर' म्हणतात ते शिळं झालंय का? झालंय. इंदूरच्या मराठी रिसेप्शनमध्ये सूत्रसंचालक, नवरदेवाचे मित्र आणि मामा, सगळे तोच शब्द काढतात. तिसऱ्यांदा नवरी ओढूनताणून हसते. 'हायकमांड', 'सरकार' तर आणखी वाईट. 'सरकारला विचारून सांगतो' म्हणत स्वतःचा नकार बायकोच्या माथी मारला जातो, आणि ते तिला बरोबर कळतं. 'कारभारी-कारभारीण' मात्र अजून टवटवीत वाटतं, कारण ती जोडी आहे, दोघांनाही सारखीच लागू. उखाण्यात असं नाव घालायचंच असेल तर पहिल्या ओळीत घाला. शेवटच्या ओळीत यमक आणि खरं नाव येतं, तिथे गंमत घातली की उखाणा पडतो.