कांद्याच्या हिशोबपट्टीच्या सॉफ्टवेअरमध्ये एजीपीएल लायसनचा घटक निघाला. आता अख्खा कोड द्यायचा का?

काटापट्टी (प्रश्न)
मंडळी, मी सातपूरला एका खोलीत एकटाच काम करतो. लासलगाव, विंचूर आणि पिंपळगाव बसवंतच्या मिळून ११ कांदा व्यापाऱ्यांकडे माझं सॉफ्टवेअर चालतं. काट्यावरून वजन येतं, भाव टाकला की हमाली, तोलाई, वाराई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी छापून निघते. जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय. वर्षाला आठ हजार घेतो.

आता एक निर्यातदार घ्यायला तयार झालाय. सौदा चहावर ठरला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुंबई ऑफिसचा मेल: वापरलेल्या प्रत्येक ओपन सोर्स घटकाची लायसनसकट यादी पाठवा. मी आपला ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच धरून चाललो होतो. फोल्डर उघडलं तर २३ जार, म्हणजे जावाच्या तयार कोडच्या फाइली. बहुतेक अपाची नाहीतर एमआयटी, म्हणजे सैल लायसन. पण पट्टीची पीडीएफ बनवणारं आयटेक्स्ट ५.५.१३ निघालं एजीपीएल, म्हणजे कोड खुला द्यायची अट असलेलं लायसन! २०१९ साली कुठल्याशा उत्तरातून उचललेलं, लायसन बघितलंच नव्हतं.

आता सगळा कोड इंटरनेटवर टाकावा लागेल का? वाराईचं गणित बसवण्यात माझे तीन सीझन गेलेत हो.

गोदाकाठ
कोण बघायला येतंय विंचूरला? यादीत अपाची लिहा आणि मोकळे व्हा.

जुनाजावावाला
वरच्या भाऊंचं ऐकू नका. खोटी यादी सही करून दिली तर लायसनचा प्रश्न राहतो बाजूला आणि फसवणुकीचा उभा राहतो.

आधी भीती घालवा. जगासमोर टाकायची सक्ती जीपीएलमध्येही (एजीपीएलचं भावंड लायसन) नाही आणि एजीपीएलमध्येही नाही. ज्याच्या हातात तुम्ही प्रोग्राम देता, त्याला सोर्स, म्हणजे मूळ कोड, मिळायला हवा, आणि तोही त्याच लायसनखाली. पैसे घ्यायलाही मनाई नाही. गोची पुढे आहे: तुमच्याकडून कोड मिळालेला व्यापारी तो शेजारच्या गाळ्यावर फुकट वाटू शकतो, तुम्ही अडवू शकत नाही. आणि आयटेक्स्ट तुमच्या प्रोग्रामच्या पोटात जोडलेलं असल्यामुळे अट वाराईच्या गणितालाही लागते. सॉफ्टवेअर वेबवर ठेवलं तरी एजीपीएलपासून सुटका नाही, ते लायसन तीच पळवाट बंद करायला काढलंय.

आयटेक्स्ट आधी एलजीपीएल आणि एमपीएल या जरा सैल लायसनखाली होतं, २००९ मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा एजीपीएल झालं. एकतर त्यांचं व्यावसायिक लायसन विकत घ्या, नाहीतर ओपनपीडीएफ वापरा. ते जुन्या शाखेतूनच निघालंय, अजून एलजीपीएल-एमपीएलच आहे. वेगळं जार म्हणून जोडलं, लायसनचा मजकूर सोबत दिला आणि ग्राहकाला ते जार बदलता येईल असं ठेवलं, तर तुमचा कोड तुमचाच राहतो.

एक विचारतो, जोडाक्षरं कशी छापता?

काटापट्टी
हसू नका. आयटेक्स्टमध्ये 'द्राक्षे'चे तुकडे पडायचे, 'शेतकऱ्याचे'मधला र् भलतीकडेच. म्हणून मराठी ओळ आधी जावातच चित्र म्हणून काढतो आणि ते चित्र पट्टीवर चिकटवतो.

जुनाजावावाला
मग तुम्ही सुटलात! नुसती चित्रं चिकटवायला कुठलीही लायब्ररी चालेल. दोन दिवसांचं काम आहे.

अटीशर्ती
मी वकील नाही, पण एका कंपनीत अशाच याद्या तपासते. तीन गोष्टी राहिल्यात.

दादा, डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर त्याचा जावा ड्रायव्हर (प्रोग्राम डेटाबेसला जोडणारा भाग) बघा, तो जीपीएलमध्ये आहे. मारियाडीबीचा एलजीपीएल आहे, तो त्याच डेटाबेसला जोडून बघा.

दुसरं, झालेली चूक. एजीपीएलच्या आठव्या कलमात वाट दिलीय: उल्लंघन पूर्ण थांबवलं आणि त्यानंतर ६० दिवसांत मालकाने उल्लंघनाबद्दल कळवलं नाही, तर गेलेला हक्क कायमचा परत मिळतो. पूर्ण म्हणजे अकराही ठिकाणी. जुना इन्स्टॉलर कुणाला पाठवू नका, तारखा लिहून ठेवा.

आणि फॉन्ट कुठला? यादीत फॉन्टही येतो, लोक हमखास विसरतात.

काटापट्टी
ड्रायव्हर तोच निघाला, बदलतो. फॉन्ट... मेन रोडच्या एका डीटीपीवाल्याने पेनड्राइव्हवर दिला होता. नावही धड माहीत नाही.

अटीशर्ती
एजीपीएलपेक्षा मला हाच जास्त खटकतोय. एजीपीएलला निदान अटी तरी आहेत, इथे परवानगीच नाही. मुक्ता घ्या नाहीतर नोटो सान्स देवनागरी. दोन्ही ओपन फॉन्ट लायसनखाली आहेत. सॉफ्टवेअरसोबत विकता येतात, नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, आणि लायसनची फाइल सोबत ठेवायची.

काटापट्टी
नऊ दिवसांनी लिहितोय. ओपनपीडीएफ बसलं, बहुतेक इम्पोर्टच्या, म्हणजे कोडमध्ये लायब्ररीचं नाव घेणाऱ्या, ओळीच बदलाव्या लागल्या. मुक्ता अंगाने रुंद निघाला, 'पिंपळगाव बसवंत' चौकटीबाहेर जायला लागलं, म्हणून अक्षर अर्ध्या पॉइंटने बारीक केलं. निर्यातदाराला खरी यादी पाठवली, काय काढलं तेही लिहून. त्यांनी फक्त लायसनच्या फाइली मागितल्या.

दहा ठिकाणी नवीन टाकून झालं. विंचूरचं एक राहिलंय. त्या कॉम्प्युटरला शेठच्या भाच्याने पासवर्ड घातलाय, आणि भाचा पुण्याला. ६० दिवस तो परत आल्यावर मोजायला घेईन.