मुखवटा लोथारकडे जातो तेव्हा

‘किंग्ज वॉच’विषयीचा उत्साह म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, हे मत मला अर्धेच पटते. २०१३ साली सुरू झालेल्या या पाच अंकांच्या कॉमिक्स मालिकेत लेखक जेफ पार्कर यांनी मुखवटाधारी फँटम (आमच्यासाठी तो वेताळच!), जादूगार मँड्रेक आणि अंतराळातला नायक फ्लॅश गॉर्डन यांना एकाच संकटासमोर उभे केले, भारतातल्या जुन्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये या तिघांना वेगवेगळे भेटलेल्या वाचकाला त्याचे अप्रूप वाटणारच. मात्र मला अधिक भावला तो शेवट. १९३४ साली मँड्रेकचा सेवक म्हणून, बिबट्याचे कातडे पांघरून आलेला लोथार येथे स्वतः वेताळाचा मुखवटा चढवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आलेला तो वारसा प्रथमच वेताळाच्या वॉकर घराण्याबाहेर जातो.