एकाच पायडलवर सायकल: तुमचे अनुभव लिहा

एक पायडल रस्त्यात गेलं आणि घर अजून लांब आहे, अशा वेळी काय केलंत? हातात धरून चालत आलात की एका पायावर हाणली? पडला असाल तर तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात. बार्शीच्या रस्त्यावर, भर उन्हात डाव्या क्रँकची, म्हणजे पायडल ज्या दांड्यावर बसतं त्याची, कॉटर पिन (तो आसाला धरून ठेवणारी खीळ) पडली आणि क्रँक हातात आला. पहिली अडचण चालवण्याची नव्हतीच, बसण्याची होती. आपण डाव्या पायडलवर पाय देऊन टांग मारणारी माणसं, तेच नाही तर चढणार कुठून? शेवटी मैलाच्या दगडाला टेकवून बसलो. उजवं पायडल दाबलं की ते खाली जाऊन तिथेच राहायचं. फ्रीव्हीलमुळे, म्हणजे मागच्या चाकाच्या एकाच दिशेने ओढणाऱ्या चक्रामुळे, चाक पुढे पळतं, पायडल काही वर येत नाही. मग चपलेचं टोक त्याच्याखाली अडकवून ते उलट्या बाजूने वर ओढलं. कटकट आवाज करत येतं. वर आलं की पुन्हा दाबायचं. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे. सपाटीला झकास जाते. चढाला मात्र पाय वर येईपर्यंत वेग संपलेला असतो, मुकाट्याने उतरायचं.

— आम्ही बहिणी बाबांच्या चोवीस इंची सायकलवर दांड्याखालून पाय घालून शिकलो, तेव्हा अर्ध्या फेऱ्याचं कौतुक आम्हाला नको सांगू! आमच्या एका पायडलचे रबर, छर्रे सगळं कधीच गळून गेलं होतं, नुसती लोखंडी दांडी उरली होती. तिच्यावरून स्लिपर सटकली की क्रँक उलटा फिरून नडगीवर बसायचा. आजोबांनी लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून तो दांडीवर ठोकला. पावसात ठोकळा फुगून घट्ट बसायचा, उन्हाळ्यात निघून पडायचा. परकरावरच्या ग्रीसच्या डागांवरून आई जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

— दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या असतील तर हा प्रयोग करू नये. एका बाजूनेच जोर लागतो, हँडल हलतं आणि किटल्या झोके घेतात. मी ढकलत नेली. डेअरीवर उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली, पण दूध सांडलं नाही.

— सायकल दुकानात बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो. चेनचं मोठं चक्र उजव्या क्रँकला जोडलेलं असतं. त्यामुळे डावी कॉटर गेली तर उजव्या पायाने सायकल चालते, आणि उजवी गेली तरी उजव्याच पायाने रेटावी लागते, कारण तेव्हा डावं पायडल नुसता आस फिरवतं. डाव्या पायाला एकट्याने काम मिळतं ते उजवं पायडलच तुटलं तर. दुसरं म्हणजे डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घट्ट करताना पाना घड्याळाच्या उलट फिरवायचा. हे माहीत नसलेले लोक रस्त्यात उजवं पायडल डावीकडे बसवायला बघतात, आटे खातात आणि मग क्रँकच बदलावा लागतो. पायडलच्या दांडीवर एल किंवा आर कोरलेलं असतं, तेवढं बघा.

— नेदरलँड्समधल्या उत्रेख्तहून. इथल्या साध्या सायकलींना बऱ्याचदा पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक असतो. म्हणजे तुमची ती कटकट युक्ती बाद! उलटं ओढलं की सायकल थांबते. टाच पायडलच्या पुढच्या कडेला अडकवून, मागे रेटत पूर्ण फेरा सुलट्याच दिशेने आणावा लागतो. त्यात समोरून वारा. इथे चढ नाहीत असं म्हणणाऱ्याने नोव्हेंबरात यावं.

— एका पायाने लांबचं जमत नाही, असं वाटत असेल तर मध्य प्रदेशातल्या ब्यावराच्या तान्या डागा यांच्याविषयी वाचा. अपघातात एक पाय गेल्यावर २०२० मध्ये त्या काश्मीर ते कन्याकुमारी सायकलवर निघाल्या आणि पोचल्या.

— मी कायमचाच एकपायडली. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात जोर नाही. गावच्या मिस्त्रीने डावा क्रँक काढून टाकला आणि तो पाय ठेवायला फ्रेमला लोखंडी पट्टी जोडून दिली. उजवं पाऊल जुन्या ट्यूबच्या पट्टीने पायडलला बांधतो, म्हणजे वर ओढतानाही जोर लागतो आणि फेरा पूर्ण होतो. कुबडी दांड्याला बांधलेली. चालवणं सोपं आहे, थांबणं अवघड. डावा पाय टेकवून उपयोग नाही, उजवा बांधलेला. म्हणून लांबूनच कट्टा, खांब, उभी बैलगाडी हेरून ठेवायची. सिग्नलला मी कायम रस्त्याच्या डाव्या कडेला, विजेच्या खांबाला हात लावून उभा.

— पट्टी किती घट्ट बांधता? माझा भाचा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकाच पायाने चालवायचं म्हणतोय.

— फक्त बोटांवरून, टाच मोकळी. पाऊल मागे ओढलं की सुटलं पाहिजे. आणि भाच्याला आधी डॉक्टरांना विचारू दे, मग घरात, भिंतीला धरून.