१९७० ची शेव्हरोले सी-टेन: सहा सिलिंडर काढून व्ही-८ बसवायचं की नाही?

ह्यूस्टनकर:
माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या पिकअपमध्ये मोठं इंजिन बसवण्यात पाप काही नाही. १९६७ ते १९७२ च्या सी-टेनच्या बाबतीत तर मी म्हणेन, बसवावंच.

माझी गाडी १९७० ची, लांब हौद्याची. इंजिन २५० घनइंची, म्हणजे ४.१ लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, वर एका बॅरलचं मोनोजेट कार्ब्युरेटर. गेअर तीन, आणि लिव्हर आपल्या जुन्या अॅम्बॅसेडरसारखा स्टेअरिंगच्या दांड्यावर. कंपनीने १५५ हॉर्सपॉवर म्हणून विकली, पण तो आकडा ग्रॉस, म्हणजे इंजिन गाडीबाहेर एकटं चालवून मोजलेला. १९७२ मध्ये नेट, म्हणजे सगळी जोडणी लावून मोजलेले आकडे छापायला लागल्यावर हेच इंजिन ११० वर आलं. मोठा फरक मोजण्याच्या पद्धतीचा.

डिफरन्शियल ३.७३ चं, आणि वरचा गेअर सरळ एकास एक. त्यामुळे ताशी ७० मैलांना इंजिन ३१०० आरपीएमच्या आसपास फिरत असतं. आय-१० महामार्गावर तासभर चालवून बघा, उतरल्यावर घरच्यांशी ओरडून बोलाल.

बेत असा: शेव्हरोलेच्याच सिल्वेराडो पिकअपला १९९९ पासून येऊ लागलेलं ५.३ लिटरचं एलएस घराण्यातलं व्ही-८, आणि त्याच्याच मागचा ४एल६०ई ऑटोमॅटिक गेअरबॉक्स. पावणेतीनशेच्या घरात हॉर्सपॉवर, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाला निवांत फिरू देणारा सगळ्यात वरचा गेअर) ०.७०, म्हणजे त्याच वेगाला आरपीएम २२०० वर. ब्लॉक बिडाचा, दणकट, आणि भंगारवाल्यांकडे ढिगाने पडलेला.

"मूळ गाडी बिघडवू नका" म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. याच चेसीवर कंपनीने ३०७, ३५० घनइंची आणि ३९६ चा बिल्ला लावून व्ही-८ विकली. ही गाडी कोणा महाराजांनी बांधून घेतलेली नाही. गवंडी आणि शेतकरी वापरून टाकतील म्हणून बनवलेली आहे. तिचं एवढं सोवळं कशाला?

मूळ_तेच_बरं:
सोवळ्याचं राहू द्या. तुमच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जी नंबरपट्टी रिव्हेट केलेली आहे, ती वाचा. सुरुवात 'सीएस' ने असेल. त्यातला एस म्हणजे सहा सिलिंडर; व्ही-८ असती तर तिथे 'सीई' असतं. गाडी जन्मली काय म्हणून, हे तिच्या अंगावर कोरलेलं आहे.

दुसरं, तुम्ही वेगळं काहीतरी करताय असं वाटत असेल तर एखाद्या रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळ्याला जाऊन या. ६७ ते ७२ च्या दहा सी-टेनची बॉनेटं उघडा, बहुतेकांत तेच ५.३, तेच काळं प्लास्टिकचं मॅनिफोल्ड. सहा सिलिंडर चालू स्थितीत दिसलं तर लोक थांबून बघतात, कारण ते आता दिसत नाही. व्ही-८ मिळालं की सहा सिलिंडर भंगारात, हे पन्नास वर्षं चाललंय.

आणि मुख्य मुद्दा, ज्याला तुम्ही हातच लावला नाहीत. तुमची गाडी १९७० ची. म्हणजे पुढेही ड्रम ब्रेक. पुढच्या डिस्क १९७१ पासून स्टँडर्ड झाल्या. अडीचपट ताकद घालायची आणि थांबवायला ड्रम? आधी कळस मग पाया! टेक्सासात तर २०२५ पासून खासगी गाडीची दरवर्षीची सेफ्टी तपासणीही बंद झाली. म्हणजे ब्रेक बघायलाही कुणी येणार नाही.

तेलकट_हात:
दोघांनाही दंडवत, पण रोगाचं निदानच चुकलंय.

धागाकर्त्यांची तक्रार काय? ७० मैलांना इंजिन ओरडतं. हा दोष इंजिनाचा की गेअरचा? ओव्हरड्राइव्ह नाही म्हणून ओरडतं. शेव्हरोलेच्या या सहा सिलिंडरची आणि त्या काळच्या त्यांच्या व्ही-८ ची गेअरबॉक्सकडची तोंडाची बोल्टांची ठेवण एकच आहे. म्हणजे १९८२ पासून आलेला ७००आर४ ऑटोमॅटिक या २५० च्या मागे थेट बसतो. त्याचाही ओव्हरड्राइव्ह ०.७०च. किक-डाउनची केबल नीट लावायची (ती चुकली तर गेअरबॉक्स जळतो, तिथे हलगर्जीपणा नको), प्रॉपेलर शाफ्ट लांबीला कापून घ्यायचा, संपलं. हाताने गेअर टाकायची हौस असेल तर पाच गेअरचा टी-५ लावणारेही आहेत.

इंजिन तेच, आरपीएम २२००, कम्प्युटर नाही, वायरिंगची जाळी नाही. उद्या मन बदललं तर जुना गेअरबॉक्स परत चढवा. मी गॅरेजात वाढलोय. माझा अनुभव असा की गिऱ्हाईक "इंजिनात दम नाही" म्हणतं तेव्हा निम्म्या वेळा दुखणं मागे कुठेतरी असतं.

ह्यूस्टनकर:
@तेलकट_हात, मुद्दा बिनतोड वाटतो, पण कागदावर. ११० हॉर्सपॉवरला ०.७० चा गेअर दिलात की सपाटीवर ठीक. हौद्यात सामान, समोरून वारा आणि जरासा चढ आला की तो गेअर पेलत नाही. मग ऑटोमॅटिक सारखा खाली-वर उड्या मारत बसतो. या इंजिनाचा जोर खालच्या आरपीएमला आहे हे मान्य, पण जोर म्हणजे काही जादू नव्हे. आणि थंडीत चोक ओढून पाच मिनिटं वाट बघणं, उन्हात पेट्रोल उकळून बंद पडणं, हे गेअरबॉक्स बदलून जात नाही. फ्युएल इंजेक्शनने जातं.

@मूळ_तेच_बरं, ब्रेकचं शंभर टक्के मान्य. ७१-७२ चा पुढचा सांगाडा डिस्कसकट बसवतोच आहे, व्हॅक्यूम बूस्टरसह. ते इंजिनाच्या आधी.

मूळ_तेच_बरं:
म्हणजे इंजिन दुसरं, गेअरबॉक्स दुसरा, पुढचं सस्पेन्शन दुसरं. मग १९७० चं राहिलं काय, पत्रा?

ह्यूस्टनकर:
पत्रा, हौदा, आणि मागच्या कॉइल स्प्रिंगा. बऱ्याच पिकअपना मागे पाटे असताना शेव्हरोलेने हिला लांब ट्रेलिंग आर्म आणि कॉइल दिल्या. खरी खासियत ती आहे, आणि तिला मी हात लावणार नाही.

साताऱ्याचा_जीपवाला:
तुमचं वाचून गंमत वाटली, कारण आमच्याकडे हा वाद जीपवरून रोज होतो. आमच्या भागात पेट्रोल विलीज जीपची मूळ हरिकेन इंजिनं उतरवून कुणी प्यूजो डिझेल बसवलं, कुणी महिंद्राचं एमडीआय डिझेल. कारण एकच, पेट्रोल परवडत नव्हतं. चढावर जीप ट्रॅक्टरसारखी ओढायची, आणि त्यातली कित्येक आजही उसाच्या फडात चालतात. त्या लोकांना कुणी मूळपणाचं व्याख्यान दिलं असतं तर पाठीवर इंजिनाखालच्या फाउंडेशनचा रबर बसला असता.

पण आता इकडे ते जमत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलांना फाटा देणारा बदल चालणार नाही. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, 'व्हीए' मालिकेचे नंबर, वीस हजार रुपये फी. त्यातही अट हीच: चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे ज्यांनी जीप जिवंत ठेवली, त्यांनाच व्हिंटेजचा मान नाही.

तुमच्याकडे मुभा आहे, करून घ्या.

मूळ_तेच_बरं:
साताराकर, तुमच्या जीपवाल्यांचं मला पटतं. पेट्रोल परवडत नव्हतं, ही गरज झाली. आमचे ह्यूस्टनकर रोज ऑफिसला दुसऱ्या गाडीने जात असणार. ही हौस आहे. हौसेला मोल नाही हे खरं, पण मग "कामाची गाडी, गवंड्याची गाडी" हा आव कशाला?

बे_एरिया_बाई:
कॅलिफोर्नियात असाल तर गाडीचं साल आधी बघा, बाकी तत्त्वज्ञान नंतर. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग, म्हणजे धुराची तपासणी नाही. १९७६ पासूनच्या गाडीत इंजिन बदललं तर नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी यंत्रणा कॅटॅलिस्टसकट जागेवर हवी, आणि वर रेफरीकडून, म्हणजे राज्याने नेमलेल्या तपासनिसाकडून, तपासून पट्टी चिकटवून घ्यावी लागते. आमच्या ओळखीत एकांनी ७८ ची पिकअप घेतली, इंजिन बसवलं, आणि मग नियम वाचले. गाडी अजून ड्राइव्ह-वेमध्ये आहे. त्यांची बायको तिच्यावर कपडे वाळवते.

वीजवाला:
पेट्रोलचं इंजिन काढून पेट्रोलचंच इंजिन? फोर्डने २०२१ मध्ये स्वतः १९७८ च्या एफ-१०० मध्ये आपल्या मॅक-ई या विजेच्या गाडीच्या दोन मोटरी बसवून दाखवल्या. ४८० हॉर्सपॉवर.

तेलकट_हात:
दाखवल्या. एकच गाडी, प्रदर्शनापुरती. त्यामागे फोर्डची अख्खी फौज होती. इथे एक माणूस आणि एक जॅक आहे.

मिशिगनचा_फिटर:
मी हे ५.३ चं इंजिन अशा गाड्यांत बसवलेलं आहे, त्यामुळे बाजू ह्यूस्टनकरांची, पण त्यांनी जे लिहिलं नाही ते सांगतो.

इंजिन आत बसणं हा सोपा भाग. फाउंडेशनला अॅडॅप्टर प्लेटा मिळतात. ट्रकचं मूळ ऑइल चेंबर मात्र खोल असतं, चेसीच्या आडव्या पट्टीखाली (क्रॉसमेंबर) लोंबतं. रस्त्यावरचा पहिला दगड त्यालाच लागणार. उथळ चेंबर घ्या, शेव्हरोलेची मालक जीएम (जनरल मोटर्स) खुद्द जुन्या गाड्यांसाठी तसं विकते.

मग पेट्रोल. या इंजेक्शनला सुमारे ५८ पीएसआय दाब लागतो. जुन्या मेकॅनिकल पंपाला त्याच्या दहाव्या भागाचीही सवय नाही. आणि या गाडीची टाकी कुठे आहे? सीटच्या मागे, कॅबच्या आत. वीस गॅलन पेट्रोल पाठीशी घेऊन बसायचं, आणि त्यात आता दाबाची लाइन. मी तरी ती टाकी काढून मागे चेसीच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवल्याशिवाय गाडीला किल्ली लावणार नाही. कॅबमध्ये पेट्रोलचा वास येतो हे सगळे सी-टेनवाले जाणतात, फक्त बायकोला सांगत नाहीत.

शेवटी वायरिंग. केबलच्या अॅक्सिलरेटरचं सुरुवातीच्या वर्षांतलं इंजिन शोधा, एक डोकेदुखी वाचेल. कम्प्युटरमधली चोरी-प्रतिबंधक व्यवस्था प्रोग्राममधून बंद करून घ्या, नाहीतर इंजिन दोन सेकंद चालून बंद पडेल आणि तुम्ही पंप बदलत बसाल. इंजिन चढतं एका शनिवार-रविवारात. गॅरेजांत अर्धवट पडलेल्या गाड्या मी पाहिल्यात त्या सगळ्या वायरिंगला अडलेल्या.

तेलकट_हात यांचा उपाय निम्म्याहून कमी खर्चाचा आहे, हेही लिहून ठेवतो. पण ह्यूस्टनकरांना तो नकोय, त्यांना व्ही-८ चा आवाज हवाय. हे त्यांनी सरळ कबूल करावं.

ह्यूस्टनकर:
आवाज हवाच आहे, त्यात लपवायचं काय? टाकी मागे नेणं बेतात आहे. चेंबरचं माहीत नव्हतं, आभार.

पण ब्रेक आणि टाकी दोन्ही सुधारून घेतल्यावर ही गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त सुरक्षित होणार आहे. ते सगळं होतंय या इंजिनामुळेच. नुसतं सहा सिलिंडर ठेवलं असतं तर ड्रम ब्रेक आणि पाठीमागची टाकी घेऊन मी अजून दहा वर्षं तसाच फिरलो असतो, आणि मूळ_तेच_बरं यांनी पाठ थोपटली असती.

मूळ_तेच_बरं:
ब्रेक सुधारायला व्ही-८ ची परवानगी लागते हे नव्यानेच कळलं.

बरं, ते राहू द्या. इंजिन उतरवाल तेव्हा भंगारात देऊ नका. मी डॅलसला आहे, ट्रेलर घेऊन येतो. ब्लॉकला चीर आहे का?

ह्यूस्टनकर:
नाही. मागच्या सीलमधून तेल ठिबकतं आणि थंड असताना टॅपेट जरा वाजतात, बाकी धडधाकट. थँक्सगिव्हिंगच्या आसपास उतरवेन. नुसतं इंजिन हवं की क्लच-हाउसिंग आणि तीन गेअरच्या बॉक्ससकट?

मूळ_तेच_बरं:
सगळ्यासकट, लिव्हरच्या दांड्यांसह. मोनोजेट कुणी खोलून चाळवलं नसेल तर दोन पैसे जास्त देईन.

तेलकट_हात:
त्याला ७००आर४ लावून बघा.