दात्या स्त्रीच्या बीजांडांसह परदेशी आयव्हीएफ : पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

मोहर
आमची आयव्हीएफची (शरीराबाहेर बीज फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराची) दोन आवर्तने अयशस्वी झाली असून डॉक्टरांनी आता दात्या स्त्रीची बीजांडे वापरण्याचा पर्याय सुचवला आहे. स्पेन आणि चेक प्रजासत्ताक येथील प्रत्येकी एका क्लिनिकशी आमचा पत्रव्यवहार सुरू आहे. दोघांच्याही माहितीपत्रकात यशाची टक्केवारी ठळक अक्षरांत छापलेली आहे, मात्र परत आल्यानंतरच्या उपचारांविषयी एक ओळही नाही. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी नेमकी कशाची चौकशी करावी?

पाऊलवाट
ती टक्केवारी कशाची आहे, हे आधी विचारा. गर्भचाचणी होकारार्थी येणे, सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसणे आणि मूल जन्माला येणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिवाय हिशेबात सुरू केलेली सर्व आवर्तने धरली की केवळ भ्रूणरोपणापर्यंत पोहोचलेली, यावरही आकडा बदलतो. यश मुख्यतः बीजांड देणाऱ्या स्त्रीच्या वयावर अवलंबून असल्यामुळे तुमच्या आधीच्या आवर्तनांशी त्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. एका वेळी किती भ्रूण सोडणार, हेही लेखी घ्या. इतक्या लांबून आलाच आहात तर दोन सोडू, असा आग्रह झाल्यास मी तरी मान्य करणार नाही, कारण जुळ्यांमध्ये अकाली प्रसूतीचा धोका बराच वाढतो.

तळटीप
कायद्याची बाजू आजच पाहून ठेवा. स्पेन आणि चेक प्रजासत्ताक या दोन्ही देशांत दात्या स्त्रीची ओळख कायद्यानेच गुप्त राहते, तर ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंदणी झालेल्या दात्याची ओळख मुलाला वयाच्या १८व्या वर्षी मागता येते. पुढे मुलाने विचारले तर त्याला काय सांगता येईल, हे तुम्ही देश निवडता त्याच दिवशी ठरून जाते. जर्मनीसारख्या देशात तर १९९०च्या भ्रूणसंरक्षण कायद्यान्वये बीजांडदानालाच मनाई आहे. त्यामुळे आपल्या देशाचा कायदा याविषयी काय म्हणतो, तेही वकिलाला विचारावे. उरलेली भ्रूणे किती काळ गोठवून ठेवणार आणि तुम्हा दोघांपैकी एकाने संमती मागे घेतली तर त्यांचे काय होणार, हे करारात शोधा.

उंबरठा
आम्ही याच मार्गाने गेलो होतो, म्हणून परतल्यानंतरचे लिहिते. अशा आवर्तनात बहुधा गर्भाशयाचे अस्तर औषधांनी तयार करतात आणि स्वतःचे बीज फुटलेले नसल्यामुळे शरीर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारे संप्रेरक, पुरेसे बनवत नाही. वार (प्लॅसेंटा) ते काम हाती घेईपर्यंत, म्हणजे गर्भारपणाच्या साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत, ते बाहेरून घ्यावे लागते. आम्हाला गर्भचाचणीच्या दिवसापर्यंतच पुरेल इतके औषध दिले होते. चाचणी होकारार्थी आली तेव्हा पाकिटात चार गोळ्या उरल्या होत्या, चिठ्ठी परकीय भाषेत होती आणि येथील डॉक्टर, त्यांच्या दृष्टीने रास्तच, दुसऱ्याने सुरू केलेले औषध कागदपत्रांशिवाय पुढे चालू ठेवण्यास तयार नव्हत्या. ते दोन दिवस मी विसरलेले नाही. तेव्हा निघण्यापूर्वीच येथील एका डॉक्टरांची संमती घ्या आणि रोपणाची तारीख, भ्रूण किती दिवसांचा होता, किती भ्रूण सोडले व औषधांची मूळ रासायनिक नावे आणि मात्रा इंग्रजीत लिहून आणा.

आणखी एक गोष्ट, जी संकोचामुळे अनेकजण दडवतात. बीजांड दुसऱ्या स्त्रीचे आहे, हे प्रसूतितज्ज्ञांना सांगितलेच पाहिजे. अशा गर्भारपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गुंतागुंतीचा धोका अधिक असतो, आणि डाउन सिंड्रोमच्या (बाळातील एका जन्मजात गुणसूत्रदोषाच्या) तपासणीत जोखमीचे गणित आईच्या नव्हे तर दात्या स्त्रीच्या वयावरून मांडावे लागते. माझ्या अर्जावर माझेच वय लिहिले गेले आणि अहवालात जोखीम इतकी मोठी दिसली की आम्ही हबकून गेलो. चूक लक्षात आल्यावर गणित पुन्हा मांडून घेतले. घरच्यांना सांगायचे की नाही, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे.

मोहर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वयाचा मुद्दा आमच्या ध्यानातही आला नव्हता. दोन्ही क्लिनिकांकडून परतताना मिळणाऱ्या कागदाचा नमुना मागवला. एकाचा आज आला असून त्यात औषधांची नावे आहेत, परंतु दात्या स्त्रीच्या वयाचा रकानाच नाही. ते लिहून मिळेल का, असे विचारले आहे. उत्तर येईपर्यंत रक्कम भरत नाही.