गोव्यात पोर्तुगीज आठ दिवस लढले असते, तर बासष्टला जवानाच्या हातात थ्री नॉट थ्रीच असती का?

जांबोटीकर (धागाकर्ता):

डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना कळवलं होतं की शरणागती पत्करायची नाही, निदान आठ दिवस तग धरायचा. तेवढ्यात जगाचा दबाव भारतावर आणू, असा त्याचा हिशोब होता. वासालो ई सिल्वांनी तो हुकूम मानला नाही. १८ ला पहाटे आपली फौज शिरली आणि १९ च्या संध्याकाळी त्यांनी शरणागतीवर सही केली. सगळं मिळून सुमारे ३६ तास. सिल्वांना पुढे पोर्तुगालनं सैन्यातून काढून टाकलं, पण त्या माणसानं गोवा जाळण्यापासून वाचवला हे मी मनापासून मानतो.

आता माझा मुद्दा. ही मोहीम आपल्या दारातून गेली. तळ बेळगावचा, १७ वी डिव्हिजन इथूनच अनमोडकडे सरकली. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून त्या दिवसांतल्या फौजी रेल्वेगाड्यांबद्दल बोलतात. इतक्या लवकर जिंकलो म्हणून दिल्लीला वाटलं की फौज तयार आहे. दहाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९६२ ला, तोच जवान तीच बोल्टची .३०३ (थ्री नॉट थ्री, दर गोळीमागे बोल्ट हातानं ओढायची) घेऊन चिन्यांच्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, टाइप ५६ रायफलीपुढे उभा राहिला. गोव्यात आठ दिवस लागले असते, मांडवी-जुवारीच्या काठाला, मोलेच्या जंगलात रक्त सांडलं असतं, तर रायफलीचा प्रश्न तिथंच ऐरणीवर आला असता. बासष्टला आपण वेगळ्या हत्यारानं उतरलो असतो. माझं मत ठाम आहे. खोडून दाखवा.

निपाणी_निशाण:

जांबोटीकर, खोडायला फार लांब जायला नको. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या हातात काय होतं? जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलीच. माणसं सुमारे ३,३००, लढाऊ विमान एकही नाही. बोल्टपुढे बोल्ट लढली तर कोण म्हणणार आपली रायफल हळू चालते? आठ काय, अठरा दिवस लढाई चालली असती तरी अहवालात लिहिलं असतं, ‘थ्री नॉट थ्रीनं उत्तम काम केलं.’ उलट तिच्यावरचा विश्वास घट्ट झाला असता. शत्रूकडे आपल्यापेक्षा वरचढ हत्यार असेल तरच उणीव दिसते.

उस्ताद_कॅम्प:

दोघांनाही नमस्कार. मी पायदळात शिकवायचं काम केलंय, म्हणून लिहितो. थ्री नॉट थ्री मी एनसीसीत चालवली, नोकरी सगळी एसएलआरवर (सेल्फ-लोडिंग रायफलीवर) झाली. दोन्हींचा दस्ता खांद्याला लागलाय.

.३०३ च्या मॅगझिनमध्ये दहा राउंड. भरायचे पाच-पाचच्या चार्जर क्लिपनं, दोन क्लिपा. काडतुसाच्या बुडाला कड असते, ती वरच्या राउंडची खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. घाईत उलटं बसलं की राउंड अडकतो. उजेडात, कोरड्या हातानं हे सोपं आहे. अंधारात, गारठलेल्या बोटांनी नाही. आणि प्रत्येक राउंडमागे बोल्ट उचला, ओढा, ढकला, दाबा. त्यात गाल दस्त्यावरून उठला की नेम पुन्हा धरावा लागतो. चांगला शिकवलेला जवान मिनिटाला पंधरा नेमके फायर करायचा. जुन्या ब्रिटिश पलटणींची ती कसोटीच होती, आणि ३०० यार्डांवर ती रायफल आजही कुणाला हार जाणार नाही.

पण माणसं लाटेनं अंगावर येतात तेव्हा ३०० यार्डांचा हिशोब संपतो. शेवटच्या पन्नास यार्डांत बोल्ट ओढायला जो क्षण लागतो तो जवानाच्या जिवावर बेततो. एसएलआरमध्ये चाप दाबला की पुढचा राउंड आपोआप चेंबरमध्ये. वीसचं मॅगझिन, रिकामं झालं की काढा आणि दुसरं लावा. म्हणून रायफलीनं फरक पडला नसता असं कुणी म्हणू नका. पडला असता. गोव्यामुळं ती आली असती का, हा प्रश्न वेगळा, त्यात मी पडत नाही.

येळ्ळूर_पॉइंट_टूटू:

उस्ताद, तुमच्या शब्दाबाहेर नाही, पण मला एक हिशोब मांडू द्या. पूर्व सीमेवरच्या नामका चू नदीवर, जिथं चिन्यांनी हल्ला केला, २० ऑक्टोबरला ७ व्या ब्रिगेडच्या जवानाकडे पोचमध्ये पन्नास राउंड होते. सुती कपडे, वरून टाकलेलं सामान निम्मंशिम्मं दरीत गेलेलं. पंधराच्या गतीनं पन्नास राउंड किती पुरतात? साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. आता त्याच जवानाला एसएलआर द्या. मिनिटाला तीस काढले तर दोन मिनिटांत पोच रिकामा. भराभर चालणारी रायफल म्हणजे भराभर खाणारी रायफल. एसएलआरचा ७.६२ चा राउंडही वजनाला .३०३ च्या जवळपासच आहे, पाठीवर दुप्पट नेता येतो असंही नाही. मग ती जादा काडतुसं कुणाच्या पाठीवरून जाणार होती? रस्ता नव्हता, खेचरं नव्हती.

मी फक्त .२२ वर नेमबाजी करते, लढाईचा अनुभव नाही. पण आमच्या रेंजवरही दिसतं की मुलं रायफलीला नावं ठेवतात, आणि ग्रुप बिघडलेला असतो श्वासामुळं. हत्यारावर खापर फोडलं की बाकीचं झाकलं जातं. बासष्टला तेच होतंय असं मला वाटतं. जांबोटीकर दादा, तुमच्या मांडणीत जनरल, मंत्री, नकाशे, कपडे, दारूगोळा सगळे सुटतात आणि एकटी रायफल फासावर जाते.

जांबोटीकर:

ताई, मी कुणालाच सोडलेलं नाही. पण लडाखमधली रेझांग ला खिंड बघा. १८ नोव्हेंबर, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग. तिथं हुकूम गोंधळाचे नव्हते, माणसं हलली नाहीत, जागा नीट निवडलेली. मधल्या डोंगरामुळं तोफखान्याची मदत मिळणार नव्हती, म्हणजे सगळी भिस्त रायफल, एलएमजी (हलकी मशीनगन) आणि मॉर्टरवर. सोळा हजार फुटांवरच्या थंडीत बोल्ट ओढत ती माणसं लढली. शंभरावर जवान तिथंच राहिले, पुढच्या हिवाळ्याअखेरी त्यांचे देह सापडले तेव्हा हत्यारं हातात होती. त्या कंपनीला सेमी-ऑटोमॅटिक असती तर? हा प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यासाठी जीव तुटणं आहे, खापर फोडणं नाही.

हलशी_ठासणी:

मी शेतकरी माणूस. पीकरक्षणाच्या लायसनवर घरात आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. रानडुकरं भुईमुगात येतात तेव्हा एकच बार हातात असतो. दारू ठासा, छर्रा घाला, टोपी लावा, तोवर कळप नाल्यापार. माझ्याकडच्या एका बारानं काय वाटतं ते मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो, एका बारानंतर मोकळ्या हातानं उभं राहण्याची भीती पुस्तकात कळत न्हाई बघा. जवानाला ती भीती वाटू नये एवढं तरी सरकारनं बघायला पायजे होतं. मी जांबोटीकरांच्या बाजूनं.

कित्तूर_मार्ग:

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या की. ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्मांच्या कित्तूरनं कंपनीची फौज परतवली, धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. तेव्हा कित्तूरकरांकडे कंपनीपेक्षा चांगल्या बंदुका होत्या का? नव्हत्या. डिसेंबरात कंपनी मोठी फौज आणि तोफा घेऊन परत आली आणि किल्ला पडला. पहिली लढाई धैर्यानं जिंकता येते, दुसरी पाठीमागच्या पुरवठ्यानं ठरते. येळ्ळूरच्या ताईंचं बरोबर आहे.

निपाणी_निशाण:

कित्तूरच्या डिसेंबरात तोफांनी ठरवलं म्हणजे हत्यारानंच ठरवलं की ओ! तुमचं उदाहरण दोन्हीकडे चालतं. पुन्हा गोव्याकडे या. धाग्याचा प्रश्न ‘रायफल चांगली असती तर’ हा नाही. ‘गोवा लांबला असता तर रायफल बदलली असती का’ हा आहे. त्याला माझं उत्तर नाही, आणि पहिल्या कारणाहून मोठं कारण सांगतो.

बासष्टचा एवढा मोठा धक्का बसल्यावर काय झालं? ईशापूरच्या कारखान्यानं १ए१ नावाची एसएलआर बनवायला घेतली, आणि सोबत तीच जुनी बोल्टची रायफल ७.६२ साठी मजबूत करून काढली, २ए, मग २ए१. बारा राउंडचं मॅगझिन, पण बोल्ट तोच. का? कारण सगळ्यांना पुरतील इतक्या एसएलआर पटकन तयार होत नाहीत. नवी यंत्रं, नवं काडतूस, नव्या मॅगझिना, लाखो जवानांचं नवं प्रशिक्षण. १९६५ च्या लढाईतही सगळ्या पलटणींकडे ती पोचली नव्हती. पराभवानंतर, पैसा आणि इच्छा दोन्ही असताना तीन वर्षांत जे पुरं झालं नाही, ते गोव्यातल्या आठ दिवसांनंतर दहा महिन्यांत कसं झालं असतं?

उस्ताद_कॅम्प:

हा मुद्दा पक्का आहे. एक गोष्ट घालतो, कारण तरुण मंडळी वाचतायत.

नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा (मराठा पलटण), १० जुलै १९४४, इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात. मशीनगनच्या जवळून झालेल्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले इतर सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. ग्रेनेडनं गन बंद केली, टॉमीगननं (छोट्या सबमशीनगननं) एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगनची नळी धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. मग स्नायपरच्या गोळीनं गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

त्यांच्या हातात तेव्हाचं भराभर चालणारं हत्यार होतं, तरी मॅगझिन बदलायचा तो क्षण आलाच. तो प्रत्येक हत्याराला येतो, एसएलआरलाही. फरक एवढाच की बोल्टवाल्याला तो दर राउंडला येतो. हीच ३/५ पुढं २ पॅरा (छत्रीधारी पलटण) झाली आणि एकसष्टला फोंड्यावरून गोव्यात शिरली. गोव्याची आणि रायफलीची सांगड घालायची तर ती अशी आहे.

येळ्ळूर_पॉइंट_टूटू:

उस्ताद, हे वाचून अंगावर काटा आला. आणि माझा मुद्दा पुन्हा तिथंच. घाडगेंच्या मागे इटलीत तोफखाना होता, रस्ते होते, रोजचा शिधा-दारूगोळा होता. नामका चूवर त्यांच्यासारखे शूर जवान कमी नव्हते, मागचं सगळं नव्हतं.

जांबोटीकर:

निपाणीकरांचा कारखान्याचा हिशोब मी मान्य करतो, दहा महिन्यांत लाखभर एसएलआर आल्या नसत्या. तरी माझं मत सोडत नाही, नीट मांडतो. आठ दिवसांच्या लढाईत पूल उडाले असते. पोर्तुगीजांनी काही पूल उडवलेच होते. पणजीपुढची मांडवी, दक्षिणेला जुवारी, मागे अनमोडचा एकच घाट आणि कॅसलरॉकपासून बंद पडलेली रेल्वे. अशा जागी आठ दिवस डिव्हिजन पोसायला लागली असती तर पुरवठ्याचं पितळ बेळगावातच उघडं पडलं असतं. पन्नास राउंडवर माणूस उभा करायचा नाही हे तिथं कळलं असतं. म्हणजे ताईंनी काढलेली उणीवही गोव्यानंच दाखवली असती. आणि एलएमजी, स्टेन (सबमशीनगन) वाढवायला नवा कारखाना लागत नव्हता. सेक्शनमागे एकच ब्रेन (तेव्हाची एलएमजी) होती, ती दोन करायला कुणाची हरकत होती?

निपाणी_निशाण:

दोन ब्रेन म्हणजे मॅगझिना दुप्पट, म्हणजे पुन्हा ताईंच्या खेचरांचा प्रश्न. पण हे आधीपेक्षा भक्कम आहे, मान्य.

एक गोष्ट मात्र आपण सगळे विसरतोय. सालाझारला आठ दिवस हवे होते ते सुरक्षा परिषदेसाठी. १८ डिसेंबरलाच बैठक भरली आणि भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत व्हेटोनं पडला. लढाई आठवडाभर चालली असती, पणजी-मडगावात घरं जळाली असती, तर दुसरा ठराव आला असता, तिसरा आला असता. आणि वर्षभरानं चीन अंगावर आला तेव्हा ज्या अमेरिका-ब्रिटनकडून आपण हत्यारं मागितली आणि त्यांनी पाठवली, ती पाठवताना त्यांनी गोव्याची आठवण काढली नसती का? जांबोटीकर, तुमच्या आठ दिवसांची किंमत धरताना हीही धरा. माझ्या मते सिल्वांच्या सहीनं आपल्याला बासष्टसाठी मित्र शिल्लक ठेवले.

हलशी_ठासणी:

आणि आमच्या कणकुंबी-चोर्ला पट्ट्यातली जी माणसं त्या हाणामारीत सापडली असती, त्यांचं काय? ते कुणी धरलेलंच न्हाई. माझं मत रायफलीबद्दल होतं, आठ दिवसांबद्दल नाही. आठ दिवस नकोच होते.

जांबोटीकर:

दादा, ते मला धरायला हवंच. मित्रराष्ट्रांच्या मुद्द्यावर उद्या सविस्तर लिहितो, कारण ती मदत ऑक्टोबरअखेरीस मागितली आणि तोवर नामका चू पडलं होतं. उस्ताद, तोवर एक सांगा, स्टेन त्या उंचीवर, त्या थंडीत कितपत भरवशाची होती?